एक्सल कसला की पुढचं चाक जड: आरडी 350 ला 17 इंची अलॉय

आरडी 350 या जुन्या मोटरसायकलला नवीन फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) आणि पुढे 17 इंची अलॉय चाक बसवलं. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, ढिला असताना चाक भिरभिरतं, नट कसला की अर्ध्या फेरीत थांबतं. वर्धा रोडवर दहा किलोमीटर गेलं की हब (चाकाचा मधला भाग) हात लावू नये इतका तापतो. नागपूरचं ऊन म्हणून दुर्लक्ष करू नका.

ब्रेकचा कॅलिपर खोलला, ब्रेकची डिस्क तपासली, बेअरिंग दोनदा बदलले. पैसे पाण्यात.

दोष हबात दोन बेअरिंगच्या मध्ये बसणाऱ्या स्पेसर नळीत होता. हबात बेअरिंगच्या दोन बैठकींतलं अंतर 60.0 मि.मी., नळी 59.2. नट कसला की बेअरिंगच्या आतल्या रिंगा आत ओढल्या जातात, गोळ्या आवळतात.

लेथवर 60.1 ची नवी नळी करून घेतली, दोन्ही तोंडं काटकोनात. आधी डिस्कच्या बाजूचा 6202 बेअरिंग पूर्ण बसवा, ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर. मग नळी. दुसरा बेअरिंग नळीला टेकला की थांबा. बैठकीला भिडवायच्या नादात पुन्हा तेच दुखणं. एक्सल नट कसा, पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाला एक्सल आवळणारा) ढिला ठेवून ब्रेक दाबून फोर्क चार-पाचदा दाबा, शेवटी पिंच बोल्ट.