जॅझ आणि सिम्फनी यांचा मेळ कसा ऐकावा

जळगाव-धुळ्याकडच्या वरातीत बॅण्डमधले क्लॅरिनेट ऐकत वाढलेल्या श्रोत्याने अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’ या जॅझ आणि सिम्फनीचा मेळ घालणाऱ्या रचनेपासून सुरुवात करावी. मोबाइलच्या स्पीकरवर खर्जातले स्वर हरवतात, म्हणून हेडफोन लावावा. आरंभी क्लॅरिनेट खालच्या स्वरावर थरथरते आणि एका दमात वर घसरत जाते, थेट आपल्या मींडेसारखे. गर्श्विनने तेथे सुटे स्वर लिहिले होते; तालमीत वादक रॉस गॉर्मनने ते गमतीने घसरते वाजवले आणि गर्श्विनने तेच कायम ठेवले.

दुसऱ्यांदा ऐकताना गंधार शोधावा. जोग रागात दोन्ही गंधार नांदतात, तसा येथेही शुद्धाशेजारी कोमल येऊन बसतो आणि जॅझचा तो उदास रंग बराचसा तेथूनच येतो. मग लयीकडे वळावे. बोस्टनच्या प्रवासात रेल्वेच्या खडखडाटातून ही रचना सुचल्याचे गर्श्विनने सांगितले होते. भुसावळला रुळांशेजारी राहणाऱ्यास तो ठेका समजावून सांगावा लागणार नाही. उत्तरार्धातील संथ, रुंद धून मात्र सम न शोधता ऐकावी.

शेवटी संगीत संयोजक फर्डे ग्रोफेने केलेली दोन वाद्यवृंदरूपे ताडून पाहावीत. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पॉल व्हाइटमनच्या बॅण्डने सादर केलेल्या मूळ रूपात बॅंजोची किणकिण आणि सॅक्सोफोनचा खट्याळपणा पुढे असतो, तर १९४२च्या सिम्फनी, म्हणजे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या, रूपात तंतुवाद्यांची साय वर येते. माझा कौल पहिल्याला आहे.