अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलायला उभे राहताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी मंडळांत वादविवाद स्पर्धा होतात, त्यांसाठी मी मुलांची तयारी करून घेतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा विषय हमखास निघतो आणि चांगली चांगली मुलं दरवर्षी त्याच जागी घसरतात. जीव तुटतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तोंड कोणाचं दाबलंय ते आधी पाहायचं आणि मत मागाहून बनवायचं. दोन वर्षांपूर्वी माझा सगळ्यांत तयारीचा मुलगा यात सापडला. उत्स्फूर्त फेऱ्या होत्या, बाजू ज्याची त्याने निवडायची. सकाळी विषय निघाला बंद पाडलेल्या नाटकाचा. "ज्याला पटत नाही त्याने तिकीट काढू नये, दुसऱ्याचं दार अडवू नये," हे त्याचं वाक्य टाळ्या घेऊन गेलं. दुपारी चिठ्ठी आली एका वक्त्याच्या रद्द झालेल्या भाषणाची. वक्ता त्याच्या घरात कोणालाच न रुचणारा. पोरगं म्हणालं, "असल्यांना व्यासपीठ देऊच नये, शहरात गडबड होईल." समोरच्या मुलीने वही उघडली. सकाळचं वाक्य तिने शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. 'तिकीट काढू नये' खोडून पेन्सिलीने वर 'ऐकायला येऊ नये' लिहिलं होतं. तेवढं वाचून ती खाली बसली. माझा मुलगा पाण्याचा ग्लास हातात धरून उभाच राहिला. चूक माझीही होती. मी त्याला मुद्दे दिले, नियम लिहून घेतला नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. कोऱ्या कागदावर लिहायचं: "अमक्याला बोलू द्यावं, जोवर तो तमकं करत नाही." मग अमक्याच्या जागी तीन नावं घालायची: आपल्या लाडक्याचं, डोळ्यांसमोर नको असलेल्याचं आणि ज्याच्याशी देणंघेणं नाही अशाचं. तिन्ही वेळा वाक्य टिकलं तरच उठायचं. फरक करायचाच असेल तर तो 'तमक्या'त करा. 'अमुक दुकान फोडा' म्हणणं आणि एखाद्या विचाराची निंदा करणं यांत फरक आहेच, पण तो बोलणारा कोणीही असला तरी तेवढाच राहतो.

२६ मे १९५० चे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मी प्रत्येकाला वाचायला लावतो. एक डाव्या विचारांच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाचा, ज्याला मद्रास सरकारने प्रांतात बंदी केली होती. दुसरा संघविचाराच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकाचा, ज्याला दिल्लीत मजकूर छापण्याआधी तपासून घ्यायचा हुकूम होता. न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. न्या. फझल अली यांचं मत वेगळं पडलं, आणि तेही दोन्ही खटल्यांत वेगळंच राहिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात त्याची यादी राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये आहे. पुढे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तिच्यात 'सार्वजनिक सुव्यवस्था' आली आणि निर्बंध 'वाजवी' हवेत हा शब्दही. दुरुस्ती न वाचता नुसते निकाल सांगू नका.

"भावना दुखावल्या" एवढ्यावर थांबू नका. १९(२) च्या यादीत हे शब्द नाहीत. धर्मभावनांचं कलम २०२४ पर्यंत दंडविधानात होतं, आता भारतीय न्याय संहितेत आहे, पण ते जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतं.

"दंगा होईल" हे तर सगळ्यांत आळशी उत्तर. १९८९ च्या रंगराजन खटल्यात, म्हणजे एका तमिळ चित्रपटाच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की धमक्यांपुढे हात टेकणं सरकारला शोभत नाही, संरक्षण देणं हे त्याचं काम आहे.

मंडळाने सभागृह नाकारणं आणि सरकारने बंदी घालणं एकाच मापाने मोजू नका. मंडळाला दोष जरूर द्या, पण कलम १९ मुख्यतः सरकारला आवरण्यासाठी आहे, ते मंडळावर फेकू नका.

"तेव्हा कुठे होतात?" हा प्रश्न मी सरावात बंदच केलाय. समोरचा दुटप्पी ठरला तरी तुमचा मुद्दा सिद्ध व्हायचा राहतोच.

आणि आदल्या रात्री मोबाइलवरून वाक्यं गोळा करून येणाऱ्यांना मी परत पाठवतो. आधी तो तीन नावांचा कागद भरून आणा, मग मुद्द्यांना बसू.