कोरियन हॉटेलात मित्रमंडळींनी एकत्र कसे जेवावे

शेतावर रोडग्यांचा बेत असला की गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजले जातात, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजते आणि सगळे एकाच वेळी बसतात. तरीही प्रत्येकाची पत्रावळ वेगळी असते आणि वाढपी प्रत्येकाला वेगळे वाढतो. कोरियन जेवणात याच्या पुढचे पाऊल असते. तिथे भाताची वाटी आणि पातळ सूपाची वाटी एवढेच ज्याचे त्याचे असते. बाकी सगळे टेबलाच्या मध्यभागी ठेवले जाते आणि सर्वांनी त्यातूनच घ्यायचे असते. हिंगणघाट-समुद्रपूर भागातील आमचे सहा मित्रांचे टोळके पहिल्यांदा नागपूरला असे जेवायला गेले, तेव्हा प्रत्येकाने सवयीप्रमाणे स्वतःपुरती एकेक प्लेट मागवली. टेबलावर सहा वेगळी जेवणे आली, एकाला तिखट झेपले नाही, दुसऱ्याचे पोट भरले नाही आणि एकत्र जेवल्याचे समाधान कोणालाच मिळाले नाही. म्हणून पहिली गोष्ट ही ठरवावी की, मागवायचे ते संपूर्ण टेबलासाठी एकत्र आणि मागवणारा माणूस एकच.

त्या माणसाने गावातून निघण्यापूर्वीच प्रत्येकाला काय चालते आणि काय चालत नाही हे स्पष्ट विचारून घ्यावे. हा प्रश्न हॉटेलात सर्वांसमोर विचारला की भिडस्त माणूस ‘मला काहीही चालेल’ म्हणतो आणि नंतर नुसता भात खाऊन उठतो. आपल्या भागात माळकरी आणि महानुभाव पंथाचे मित्र बहुतेक प्रत्येक टोळक्यात असतात, आणि कोरियन स्वयंपाकात मांस-मासळी दिसत नसली तरी आत असू शकते. किमचीत कोबी, मुळा, तिखट, लसूण आणि आले यांच्याबरोबर पुष्कळदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस घातलेला असतो. तॉकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्यांचा तिखट-गोड रस्सा. त्याचे पाणी बहुधा सुक्या लहान मासळीचे असते आणि त्यात माशाच्या वड्याही असतात. जापचे ही रताळ्याच्या स्टार्चच्या शेवयांची भाजी असली तरी तिच्यात मांसाचे तुकडे घालण्याची रीत आहे, तर भात आणि भाज्या एकत्र कालवून खायच्या बिबिंबापवर अंडे असते. बुलगोगी हा मुरवून भाजलेल्या मांसाचा पदार्थ कोरियात मुळात गोमांसाचा आहे. आपल्याकडे तो कोंबडीचा किंवा डुकराचा करतात का, हे विचारल्याशिवाय मागवू नये. ‘व्हेज आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘यात मासळीचे पाणी, माशाचा रस किंवा अंडे आहे का’ असा नेमका प्रश्न करावा. शक्य असल्यास आदल्या दिवशी फोन करून विचारावे, म्हणजे माशाविना केलेली किमची मिळेल की नाही हेही कळते. त्याच फोनवर टेबलावर भाजण्याची शेगडी आहे का, हेसुद्धा विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी भाजलेले मांस स्वयंपाकघरातूनच तयार होऊन येते.

सहा जणांसाठी माझा हिशेब साधा आहे. एक मोठे जिगे, म्हणजे भांड्यात उकळत येणारा दाट रस्सा, एक तॉकबोक्की, पातीच्या कांद्याचे एक पाजॉन, जे आपल्या धिरड्याच्या जवळचे आहे, दोन बिबिंबाप, आणि मांस खाणारे चौघे असतील तर भाजण्यासाठी तीन माणसांपुरते मांस. सुरुवातीला एवढेच मागवावे आणि कमी पडले तर पुन्हा मागवावे. शाकाहारी मित्र दोन असतील तर बिबिंबापची एक वाटी अंड्याशिवाय त्यांच्यासाठी राखून ठेवावी, कारण इतरांनी तीत चमचे घातल्यावर त्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही.

पदार्थ येण्यापूर्वी लहान लहान वाट्या येतात. त्यांना बानचान म्हणतात: किमची, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, उकडलेली पालेभाजी, कधी बटाट्याची गोडसर भाजी. कोरियात या वाट्यांचे वेगळे पैसे लागत नाहीत आणि संपल्या की सहसा पुन्हा भरून मिळतात. आपल्याकडील हॉटेलात तसे आहे का, हे आधी विचारून घ्यावे. या वाट्या आपल्याकडच्या चटणी-लोणच्यासारख्या भाताबरोबर शेवटपर्यंत पुरवायच्या असतात. भुकेच्या भरात त्या आधीच संपवल्या की पुढचे जेवण एकसुरी होते. किमचीबद्दल एवढे सांगितलेच पाहिजे की, हिवाळ्यापूर्वी घरची आणि शेजारची माणसे एकत्र येऊन हिवाळाभर पुरेल इतकी किमची घालतात आणि आपसात वाटून घेतात. दक्षिण कोरियातील या प्रथेची नोंद युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. उन्हाळ्यात आपल्या वाड्यात शेजारच्या बायका मिळून पापड-कुरडया घालतात, त्या कामाशी हिचे नाते मला फार जवळचे वाटते.

सोयाबीनचे तर विशेषच. आपण एकरांनी सोयाबीन पिकवतो आणि पोत्यांनी बाजार समितीत नेऊन घालतो. पण घरच्या ताटात ते क्वचितच येते. कोरियात त्याच सोयाबीनला उकडून, कुटून, त्याच्या विटा वाळवून आणि आंबवून द्वेनजांग नावाचा खारट लगदा करतात आणि त्यावर रोजचा रस्सा शिजतो. आपल्या शेतातील माणसाने निदान एकदा तरी द्वेनजांग-जिगे मागवावे, असा माझा आग्रह आहे. वास उग्र असतो. पहिल्या दोन घोटांवर मत बनवू नये.

तिखटाच्या बाबतीत आपली माणसे निर्धास्त असतात, आणि सावजी रस्सा पचवणाऱ्याला कोरियन तिखट जड जाण्याचे कारणही नाही. मात्र गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या लगद्यात चिकट तांदूळ आणि सोयाबीन असते, त्यामुळे त्याची चव आधी गोडसर लागते आणि तिखट मागाहून जाणवते. भिवापुरी मिरचीच्या ठेच्यासारखा थेट झटका त्यात शोधला तर निराशा होईल. बिबिंबापमध्ये गोचुजांग एकदम न ओतता चमचा-चमचा घालावे आणि भात, भाज्या व अंडे तळापासून नीट कालवावे. बिबिंबाप तापलेल्या दगडी भांड्यात आले असेल तर ते भांडे हाताने धरू नये आणि कालवण्यापूर्वी थोडे थांबावे, म्हणजे बुडाला भाताचा खरपूस थर धरतो. तो सर्वांनी वाटून खावा.

शेगडी असेल तर भाजण्याचे काम एकानेच हाती घ्यावे. चार जणांनी चार चिमटे चालवले की काही तुकडे करपतात आणि काही कच्चे राहतात. डुकराचे मांस कच्चे राहणे तर मुळीच चालणार नाही. तवा चांगला तापल्यावरच पट्ट्या टाकाव्यात, एक बाजू सोनेरी होईपर्यंत हलवू नये, मग उलटून कात्रीने घासाएवढे तुकडे करावेत. कच्च्या मांसाचा चिमटा आणि शिजलेले उचलण्याचा चिमटा वेगळा ठेवावा. तवा काळा पडला की बदलून मागावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. शाकाहारी मित्रांसाठी मशरूम किंवा भोपळा भाजायचा असेल तर तो वेगळ्या तव्यावर भाजावा, आणि दुसरा तवा मिळत नसेल तर स्वयंपाकघरातून भाजून आणायला सांगावे.

भाजलेला तुकडा नुसता खायचा नसतो. तळहातावर सॅलडचे पान घ्यावे, त्यावर मांसाचा एक तुकडा, बोटाच्या टोकाएवढे स्सामजांग (सोयाबीन आणि मिरचीचा आंबवलेला लगदा), लसणाची एखादी चकती, हवी तर किमची ठेवावी, विड्यासारखे दुमडावे आणि एकाच घासात तोंडात घालावे. दोन घासांत खाल्ले की सगळे सांडते. म्हणून पानात थोडकेच भरावे. कोरियात जवळची माणसे असा घास करून एकमेकांना भरवतातही. आपल्या मंडळींना ही रीत फार आवडते, मात्र भरवण्यापूर्वी हात धुतलेला असावा.

जिगे एकाच भांड्यात येते आणि जुन्या रीतीप्रमाणे सगळे आपापला चमचा त्यातच घालतात. आपल्याकडे उष्ट्याचा विचार असतो आणि तो सोडण्याची काही गरज नाही. आता कोरियातही पुष्कळ ठिकाणी डाव आणि वेगळ्या वाट्या देतात. आल्याबरोबर त्या मागून घ्याव्यात आणि रस्सा डावानेच वाढावा. भात आणि रस्सा चमच्याने, भाज्या आणि मांस काड्यांनी, अशी तिथली वाटणी आहे. काड्या धातूच्या, चपट्या आणि निसरड्या असतात. जमत नसतील तर काटा मागावा. फक्त काड्या भातात उभ्या रोवून ठेवू नयेत, कारण तसे करणे तिथे मृतांना वाहिलेल्या भाताशी जोडले जाते. सर्वांत वडील माणसाने पहिला घास घेतल्यावर इतरांनी सुरुवात करावी, आणि पाणी किंवा चहा स्वतःच्या पेल्यात न ओतता शेजाऱ्याच्या पेल्यात ओतावा. वडीलधाऱ्याने ओतलेला पेला दोन्ही हातांनी घ्यावा.

सोजू ही त्यांची दारू बऱ्याच यादीत असते. ती नसली म्हणून या जेवणात काही उणे राहत नाही. भाजलेल्या जवाचा चहा त्याच्याबरोबर उत्तम जातो. आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा बाटली सोबत आणण्याचा विचारही करू नये, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याने तर पेल्याला हातही लावू नये.

तॉकबोक्कीचा रस्सा कढईत उरला असेल तर भांडी उचलू देण्यापूर्वी त्यात भात परतून देता येईल का, हे विचारावे. कोरियात जेवणाचा शेवट पुष्कळदा असाच करतात आणि माझ्या मते टेबलावरचा सर्वांत चवदार पदार्थ तोच ठरतो.

पैशाचे म्हणाल तर निघण्यापूर्वीच ठरवावे. मांस न खाणाऱ्याकडून मांसाचे पैसे घेऊ नयेत. शाकाहारी पदार्थांचा खर्च सहा जणांत आणि मांसाचा चौघांत वाटावा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक असतो आणि नको असल्यास काढायला सांगता येतो. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

घरच्यांसाठी किमची बांधून घेतली तर ती प्लॅस्टिकच्या गच्च भरलेल्या डब्यात घेऊ नये. ती डब्यातही आंबत राहते आणि एसटीच्या उन्हातल्या प्रवासात वायू साठून झाकण उडते. घरून स्टीलचा मोठा डबा न्यावा, तो पाऊणच भरावा, पिशवीत उभा ठेवावा आणि घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकावा.