नॉइज आणि ॲम्बियंट अल्बम ऐकताना या चुका टाळा

आमच्याकडे अधूनमधून रविवारी चार-सहा जण जमतात आणि नॉइजचा (म्हणजे गोंगाटातूनच घडवलेल्या संगीताचा) किंवा ॲम्बियंटचा (म्हणजे खोलीत वातावरणासारखं पसरणाऱ्या, सावकाश संगीताचा) एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. नवीन माणूस आला की दहाव्या मिनिटाला त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "सुरू कधी होणार?" प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. वैताग येतो तो पुढच्या उद्योगांचा. कोणी आवाज वाढवतो, कोणी बोटाने पट्टी पुढे सरकवतो, आणि घरी जाऊन सांगतो की आपण ऐकलं, त्यात काही नाही. या संगीतातला बराचसा भाग फाइलमध्ये नसतोच. तो तुमच्या खोलीत, तुमच्या कानात, त्या एका तासात घडतो. खोली, कान आणि तास यांपैकी एक जरी बिघडलं, तरी तुम्ही तो अल्बम ऐकलेला नसतो.

आवाज किती ठेवायचा, हे न ठरवता ऐकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, त्यामुळे हिच्यावर जरा सविस्तर.

ॲम्बियंट हे नाव रूढ करणारा इंग्लिश संगीतकार ब्रायन इनो. त्याने 'डिस्क्रीट म्युझिक' या अल्बमच्या वेष्टनावर स्वतःच एक हकीकत लिहून ठेवली आहे. १९७५ च्या सुरुवातीला अपघातानंतर तो घरी पडून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या जुन्या संगीताची एक रेकॉर्ड दिली. ती निघून गेल्यावर त्याने कशीबशी ती लावली आणि परत आडवा झाला. मग लक्षात आलं की ॲम्प्लिफायरचा आवाज अगदीच बारीक आहे आणि स्टिरिओची एक बाजू बंद आहे. उठायची ताकद नव्हती, म्हणून तो तसाच ऐकत राहिला. बाहेरच्या पावसात मिसळलेली ती हार्प ऐकताना त्याला संगीत ऐकण्याची एक वेगळीच रीत सापडली. पुढे 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'च्या वेळी त्याने लिहिलं की असं संगीत लक्ष देऊन ऐकता आलं पाहिजे आणि दुर्लक्षही करता आलं पाहिजे. हे ज्याला कळलं तो असा अल्बम लग्नाच्या हॉलसारखा दणदणीत लावणार नाही. आवाज वाढवलात की ते संगीत खोलीवर चढून बसतं आणि दुर्लक्ष करायची सोयच उरत नाही.

नॉइजच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. गोंगाटच आहे, मग जोरातच ऐकायचा! एका बैठकीत एक उत्साही मुलगा आला होता. मर्झबाऊचा 'पल्स डिमन' लावला होता. मर्झबाऊ म्हणजे टोकियोचा मासामी अकिता, अल्बम १९९६ चा. मी चहा करायला आत गेलो तेवढ्यात या पठ्ठ्याने नॉब पार टोकाला नेला. बाहेर येऊन मी तो खाली आणला, अल्बम संपला, सगळे खूश. त्यानंतर एकाने ख्यालाचं एक जुनं स्टिरिओ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. दोन तानपुरे, दोन बाजूंना. डावीकडचा लखलखीत, जवारी स्वच्छ. उजवीकडचा गोधडीत गुंडाळल्यासारखा. उजव्या स्पीकरच्या ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला, कान लावला, तर आत शुकशुकाट. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतल्या कारागिराने मल्टीमीटर लावला आणि काटा जागचा हललाही नाही. कॉइल जळाली होती.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. गाण्यात बहुतेक शक्ती खालच्या आणि मधल्या सुरांत असते. वरच्या पट्टीतलं काम क्षणाक्षणाचं असतं, झांज वाजली, थांबली. ट्वीटरची बारीक तार मधल्या उसंतीत थंड होते. हार्श नॉइजमध्ये, म्हणजे 'पल्स डिमन'सारख्या कर्कश प्रकारात, वरची पट्टी तासभर अखंड भरलेली असते, उसंत नाहीच. त्यात ॲम्प्लिफायर छोटा असेल आणि तुम्ही त्याला ताकदीबाहेर पिळलं, तर तो लाटेचे शेंडे छाटतो आणि त्या छाटणीतून आणखी वरचे सूर तयार होऊन ट्वीटरवरच जातात. म्हणजे लहान ॲम्प्लिफायर आहे, काय होणार, हा हिशोबही चुकीचा. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की नॉइज चालू असताना ट्वीटर गेलेला कळतच नाही. आमच्या खोलीत इतके कान होते, एकाच्याही लक्षात आलं नाही.

स्पीकर बदलता येतो, कान येत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधराच मिनिटं. 'पल्स डिमन' तासाहून मोठा आहे, तेव्हा ९४ वर ऐकणाऱ्याचा कोटा अल्बम संपायच्या आधीच संपतो. नंतर कानात कूं वाजत असेल, तर त्यात फुशारकी कसली? त्या आठवड्यात पुन्हा नॉइज लावू नका.

माझी सवय सांगतो. आधी कोणाचं तरी साधं बोलणं लावायचं, मुलाखत, बातम्या, काहीही. माणूस समोर बसून बोलतोय इतका आवाज आला की ॲम्बियंटसाठी त्याहून थोडा खाली आणायचा. नॉइजसाठी शेजारच्याशी किंचित आवाज चढवून बोलता येईल इथपर्यंत. मग नॉबला हात लावायचा नाही, आणि चहा आधीच करून ठेवायचा.

पट्टी पुढे सरकवणं

"कितव्या मिनिटाला भारी आहे?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

विल्यम बॅसिन्स्कीचं 'डिसइंटिग्रेशन लूप्स' घ्या. १९८२ च्या सुमाराच्या टेपच्या तुकड्यांची वेटोळी २००१ मध्ये तो डिजिटल करायला बसला. टेप मशिनच्या हेडवरून फिरताना तिच्यावरचा चुंबकीय थर झडायला लागला आणि त्याने रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. पहिला तुकडा तासाभराहून मोठा आहे, आणि त्यात काही सेकंदांची एकच धून फिरत राहते. दर फेरीत थोडी झडते. पट्टी सरकवणारा दहाव्या मिनिटाला दहा सेकंद ऐकतो, तिसाव्याला दहा सेकंद, पन्नासाव्याला दहा सेकंद, आणि म्हणतो, "सुरुवातीला बरं होतं, नंतर टेप खराब आहे." त्याने ऐकलं ते तीन फोटो. टेप झडताना ऐकायची असेल तर झडेपर्यंत बसावं लागतं. बसलेल्या माणसाला एका क्षणी जाणवतं की एक सूर गेला आहे आणि तो कधी गेला हे सांगता येत नाही. त्या तुकड्याचा सगळा जीव त्या जाणवण्यात आहे.

रिओजी इकेदाच्या '+/-' मध्ये तर एक इतका बारीक, उंच सूर आहे की तो चालू असताना लक्षातच येत नाही, थांबल्यावर कळतो. हे पट्टी सरकवून कसं मिळणार? फ्रेंच संगीतकार एलियान रादिगने एआरपी २५०० सिंथेसायझर आणि टेप घेऊन तासातासाच्या रचना केल्या. त्यांतले बदल इतके सावकाश आहेत की बदल होताना सापडत नाही, झाल्यावर सापडतो.

विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाने या बाबतीत घाई करावी, याचं मला खरंच वाईट वाटतं. हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे या संगीताचे पाया घालणारे दोघं. १९७० मध्ये पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले तेव्हा दोघांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्याच घराण्याचे. आणि तानपुरे बनवावेत तर मिरजेनेच. तेव्हा ड्रोन, म्हणजे अखंड लांबत राहणारा सूर, ऐकायची तालीम आपल्याकडे घरात पडून आहे. एखादा जुळलेला तानपुरा, खरा, यंत्रातला नव्हे, दहा मिनिटं नुसता ऐका. कोणी गाणार नाही, तबला येणार नाही. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागेपर्यंत थांबा. ती तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. तो ज्याला ऐकू आला, त्याला रादिग समजावून सांगावी लागत नाही.

घरातला घूं अल्बमचा भाग समजणं

लॅपटॉप चार्जरला लावलेला आणि साध्या ऑक्स केबलने ॲम्प्लिफायरला जोडलेला असला, की स्पीकरमधून बारीक घूं यायला लागतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तो आणि त्याच्या पटीतले सूर अर्थिंगच्या घोळामुळे केबलमध्ये शिरतात. गाण्यात तो लगेच पकडता येतो, ड्रोनमध्ये बेमालूम मिसळतो. एक ओळखीचे गृहस्थ कितीतरी दिवस एका अल्बमच्या 'खालच्या सुराचं' कौतुक करत होते. त्यांच्याकडे गेल्यावर मी अल्बम थांबवला. सूर चालूच.

थांबवून बघा, एवढीच परीक्षा आहे. घूं राहिला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा; बहुतेक वेळा तिथेच जातो. इन्व्हर्टर त्याच खोलीत असेल तर त्याचाही संशय घ्या. पंख्याचं म्हणाल, तर इनोला चालतो, रादिगला चालत नाही. उन्हाळ्यात रादिग पहाटे ऐकावी.

आवाज फाटतोय: स्पीकर गेला की रेकॉर्डिंगच तसं?

एक ओळखीचं रेकॉर्डिंग कायम हाताशी ठेवा. माझं गळा आणि तानपुऱ्याचं आहे. ते स्वच्छ वाजलं तर स्पीकर ठीक आहे, फाटणं अल्बममधलं आहे. ओव्हल या जर्मन मंडळींच्या १९९४ च्या 'सिस्टेमिश'मधलं अडखळणं मुद्दाम खराब केलेल्या सीडींमधून आलेलं आहे. सीडी पुसत बसू नका. लू रीडच्या 'मेटल मशीन म्युझिक'च्या मूळ एलपीची चौथी बाजू संपतच नसेल, तर सुई अडकलेली नाही. शेवटची खाच बंद वर्तुळाची आहे, तुम्ही उठून उचलेपर्यंत ती वाजतच राहणार.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फोनच्या स्पीकरवर ऐकणं. तिथे खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. थॉमस कोनरचा 'परमाफ्रॉस्ट' फोनवर लावलात तर बहुतेक वेळ तुम्ही शांतता ऐकाल आणि शिव्या त्याला द्याल.

ॲपमधला क्रॉसफेड चालू ठेवणं. एका तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं आणि दोन्ही बरबाद. शफल आणि ऑटोप्लेही बंद करा.

जाहिराती येणाऱ्या ठिकाणी ऐकणं. चाळिसाव्या मिनिटाला साबण विकायला आला की तो तास मेला, परत पहिल्यापासून.

कमी बिटरेटची एमपी३. आकार लहान करायला काय टाकून द्यायचं हे ठरवणारी ती युक्ती नॉइजपुढे हतबल होते, कारण तिथे टाकून देण्यासारखं काही नसतंच. वरची पट्टी छाटली जाते आणि उरलेल्यात पाण्याखालची खळखळ ऐकू येते. फ्लॅक घ्या, त्या प्रकारच्या फाइलमध्ये काहीच टाकून दिलेलं नसतं. फाइल मोठी झाली तर होऊ द्या.

अल्बममागची गोष्ट आधी वाचणं. बॅसिन्स्कीच्या अल्बमचं न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरशी जे नातं आहे ते माहीत करून मग ऐकलं, की माणूस टेप ऐकतच नाही, बातमी ऐकतो. आधी ऐका, मग वाचा.

झोप यावी म्हणून सगळंच ॲम्बियंट लावणं. मॅक्स रिश्टरचा २०१५ चा 'स्लीप' त्यासाठीच आहे, आठ तासांहून मोठा, खुशाल झोपा. बाकीच्यांना जागेपणी एक तास तरी द्या.

पैज म्हणून सुरुवात करणं

कॉलेजातली मुलं हे हमखास करतात. सगळ्यात कर्कश कोणता, शोधायचा, मित्रांसमोर लावायचा, कोण किती वेळ टिकतं बघायचं. टिकणं म्हणजे ऐकणं नव्हे. दात आवळून काढलेल्या तासात एकही आवाज दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही, आणि तो मुलगा पुढे कधीही नॉइजकडे वळत नाही. चांगले श्रोते असे वाया जातात, याचा मला राग आहे.

विचारलंत तर माझा क्रम असा. आधी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', बारीक आवाजात, घरातली कामं करत. मग पॉलीन ऑलिव्हेरोस आणि मंडळींचा १९८९ चा 'डीप लिसनिंग'. जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत वाजवलेला आहे, आणि तिथे आवाज पंचेचाळीस सेकंद घुमतो. मग बॅसिन्स्की. त्यानंतर टिम हेकरचा २०११ चा 'रेव्हडेथ, १९७२', ज्यात रेक्याविकच्या चर्चमधला ऑर्गन हळूहळू गोंगाटात विरघळतो. सूर कुठे संपतो आणि नॉइज कुठे सुरू होतो, हे तिथे शिकायला मिळतं. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने अहमदाबादच्या एनआयडीमधली (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) जुनी रेकॉर्डिंग ऐकावीत. १९६९ मध्ये तिथे मूग सिंथेसायझर आला होता आणि आपल्याच लोकांनी त्यावर प्रयोग केले होते. २०२३ मध्ये ते संग्रहरूपाने बाहेर आले आहेत. 'पल्स डिमन' या सगळ्यानंतर, आणि पहिल्या खेपेला एकच तुकडा.