अमेरिकेची राज्यघटना वाचायची कशी? शासनप्रकार ओळखण्याचे तीन प्रश्न

अमेरिकेची राज्यघटना अगदी छोटी आहे. मूळ मजकूर साधारण साडेचार हजार शब्दांचा, अनुच्छेद ७ आणि दुरुस्त्या २७. एका बैठकीत वाचून होते, तरी अनेकांच्या डोक्यात ती चुकीची बसते, कारण आपण ती भारतीय राज्यघटनेच्या सवयीने वाचतो. ही सवय बाजूला ठेवायची तर घटना उघडण्याआधी एका कागदावर तीन प्रश्न लिहून घ्या. कोणत्याही देशाचा शासनप्रकार याच प्रश्नांनी ओळखता येतो.

पहिला प्रश्न: केंद्र आणि घटक (राज्यं किंवा प्रांत) यांच्यात सत्ता कशी वाटलेली आहे? सगळा अधिकार केंद्राचा आणि खालच्यांना तो केंद्राने दिलेला, तर ते एकात्म राज्य; फ्रान्स तसं आहे. घटक सार्वभौम आणि केंद्र त्यांच्या मर्जीवर, तर परिसंघ. दोघांनाही घटनेतूनच अधिकार मिळालेले, तर संघराज्य.

दुसरा: कार्यकारी प्रमुख कुठून येतो आणि त्याला कोण घालवू शकतं? कायदेमंडळाचा विश्वास गेला की जावं लागत असेल, तर पद्धत संसदीय. मुदत ठरलेली आणि कायदेमंडळाच्या विश्वासाशी संबंध नसेल, तर अध्यक्षीय.

तिसरा: राष्ट्रप्रमुख वंशाने येतो की निवडून, आणि लोक कायदे स्वतः करतात की प्रतिनिधींमार्फत? वंशाने येत असेल तर राजेशाही, निवडून येत असेल तर प्रजासत्ताक; कायदे प्रतिनिधींमार्फत होत असतील तर प्रातिनिधिक.

उत्तरं घटनेच्या मजकुरातूनच शोधा, देशाच्या नावावरून नको. नावात ‘लोकशाही’ आणि ‘प्रजासत्ताक’ असूनही उत्तर कोरियात सत्ता तीन पिढ्या एकाच घराण्यात आहे. उलट, अमेरिकेच्या घटनेत ‘लोकशाही’ हा शब्दच नाही. चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याला ‘प्रजासत्ताक स्वरूपाच्या शासनाची’ हमी तेवढी आहे.

आता वाचन. सुरुवात घटनेपासून करू नका, तिच्या आधीच्या फसलेल्या प्रयोगापासून करा. १७८१ मध्ये १३ राज्यांमध्ये लागू झालेला करार (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) हा परिसंघ होता. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय कायदेमंडळाला, कर लावता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागत. महत्त्वाच्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यं लागत आणि करारात बदल करायला सगळीच्या सगळी १३. एका राज्याने नकार दिला की गाडं अडलं. स्वातंत्र्ययुद्धाची कर्जं फिटेनात, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा केंद्राकडे ते मोडण्याइतकं बळ नव्हतं. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्या ५५ प्रतिनिधींसमोर हा अनुभव ताजा होता. तो माहीत असला की घटनेतलं प्रत्येक कलम कशाचा उपाय आहे ते दिसू लागतं.

पहिल्या अनुच्छेदात सगळ्यात जास्त वेळ घाला. निम्म्याहून अधिक मजकूर तिथेच आहे. त्यातलं आठवं कलम म्हणजे काँग्रेसच्या अधिकारांची यादी, आणि तिच्यात पहिलाच अधिकार कर लावण्याचा. नववं कलम केंद्राला काय करता येणार नाही ते सांगतं, दहावं राज्यांना. ही तिन्ही कलमं दहाव्या दुरुस्तीसोबत वाचा: जे केंद्राला दिलं नाही आणि राज्यांना मना केलं नाही, ते राज्यांचं किंवा लोकांचं. इथेच भारतीय वाचक अडखळतो, कारण आपल्याकडे शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच यादीत नसलेले अधिकार, केंद्राकडे आहेत. आणखी एक फरक ताडून पाहा. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं १९६० मध्ये संसदेच्या कायद्याने झाली. राज्याची सीमा बदलायला भारतात विधानसभेचं मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. अमेरिकेत मात्र संबंधित राज्याच्या कायदेमंडळाची संमती असल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अधिकारांची ही वाटणी रोज भेटते: वाहन परवाना, शाळा, मतदारनोंदणी हा सगळा कारभार राज्याचा आणि त्याच्या खालच्या स्थानिक संस्थांचा; व्हिसा आणि नागरिकत्व केंद्राचं.

अध्यक्षाबद्दलचा दुसरा अनुच्छेद वाचताना ‘सरकार पडलं’ हा शब्दप्रयोग विसरा. पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमानुसार पदावरचा मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. अविश्वास ठराव नाही. अध्यक्षाला मुदतीआधी हटवायचं तर काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहाने महाभियोगाचे आरोप ठेवायचे आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजवर एकही अध्यक्ष असा दोषी ठरलेला नाही. पडत नसलं तरी सरकार बंद मात्र पडतं. काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, म्हणून खर्चाचं विधेयक अडलं की कार्यालयांना टाळं लागतं. २०१८-१९ मध्ये हे ३५ दिवस चाललं.

सत्ताविभाजन समजायला तक्ता पाठ करण्यापेक्षा एका विधेयकाचा प्रवास कागदावर काढा. महसुलाचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू होतं, दोन्ही सभागृहांत एकाच शब्दांत मंजूर व्हावं लागतं, मग अध्यक्षाकडे जातं. रविवार वगळून १० दिवसांत त्याने सही करायची किंवा विधेयक परत पाठवायचं. परत आलं तर दोन्हीकडे दोन तृतीयांश मतांनी नकाराधिकार मोडता येतो. त्याने काहीच केलं नाही तर ते आपोआप कायदा होतं. मात्र याच काळात काँग्रेस स्थगित झाली असेल तर विधेयक मरतं. प्रत्येक पायरीशेजारी ‘कोण अडवू शकतं?’ लिहीत गेलात की नियंत्रण आणि संतुलन वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

दुरुस्त्यांची गोम अशी की त्या मूळ मजकुरात मिसळल्या जात नाहीत, शेवटी जोडल्या जातात. त्यामुळे पहिल्या अनुच्छेदात आजही सिनेटर राज्यांच्या कायदेमंडळांनी निवडायचे असं छापलेलं दिसतं, पण १९१३ च्या १७ व्या दुरुस्तीपासून ते थेट लोक निवडतात. पेन्सिल घेऊन अशा जागी दुरुस्तीचा क्रमांक आधीच लिहून ठेवा: अध्यक्ष निवडीच्या पद्धतीशेजारी १२, गुलामांना परत करण्याच्या कलमाशेजारी १३, लोकसंख्येत गुलामांना तीन पंचमांश धरणाऱ्या ओळीशेजारी १४. हे न करता वाचणारे रद्द झालेला नियम चालू समजून बसतात.

घटनेत नसलेल्या गोष्टी तिच्यात शोधण्यातही वेळ घालवू नका. राजकीय पक्ष तिथे नाहीत. सर्वोच्च न्यायालयातले ९ न्यायाधीश आणि प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा हे आकडे कायद्याने ठरले आहेत. सिनेटमध्ये चर्चा थांबवायला लागणारी ६० मतं हा त्या सभागृहाचा नियम आहे. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकारसुद्धा तिसऱ्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेला नाही. तो १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निकालाने पक्का झाला.

कागदावर अमेरिकेपुढे आता संघराज्य, अध्यक्षीय, प्रातिनिधिक प्रजासत्ताक अशी उत्तरं आली असतील. त्याच तीन प्रश्नांवर कॅनडा, जर्मनी आणि ब्राझील सोडवून पाहा. तिन्ही संघराज्यं, पण पुढच्या दोन उत्तरांची जोडी प्रत्येकाची वेगळी. शेवटी स्वित्झर्लंड घ्या. तिथलं सरकार चालवणारं सात जणांचं मंडळ संसद निवडते, पण चार वर्षांच्या मुदतीत अविश्वास ठरावाने घालवू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नासमोर ‘संसदीय’ किंवा ‘अध्यक्षीय’ यातलं एक लिहिण्याची घाई करू नका, दोन्ही अर्धी उत्तरं तशीच लिहा.