गावचा सुका कचरा: आधी कबाडी, मग शेड, शेवटी गाडी

ग्रामपंचायतीत सुक्या कचऱ्याचं काम बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. निधी येतो, हिरव्या-निळ्या डस्टबिन वाटल्या जातात, फोटो निघतो. महिनाभरात हिरवीत पाणी आणि निळीत तुरीची डाळ. सुरुवात कबाड्यापासून करावी. तालुक्याच्या दोन-तीन कबाड्यांना गाठून विचारायचं: काय घेता, किती किलो जमल्यावर गाडी पाठवता, माल ओला निघाला तर भाव किती तोडता? शेडमधले कप्पे या उत्तरांवरून ठरतात.

मग वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या २० घरांचा सुका कचरा ७ दिवस काट्यावर तोलून घ्या. आठवडी बाजाराचा कचरा वेगळा मोजा, नाहीतर सगळा अंदाज चुकतो.

पैशाचं गणित असं. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ च्या निकषानुसार ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५. म्हणजे ३,००० वस्तीला १,८०,००० रुपये, त्यातले ३० टक्के, ५४,०००, पंधराव्या वित्त आयोगातून (त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची). यात शेड आणि गाडी उभी राहते, दर महिन्याची मजुरी निघत नाही. भंगार विकूनही ती निघणार नाही. त्यामुळे घरांचं आणि दुकानांचं वेगवेगळं शुल्क ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या. गाडी सुरू झाल्यावर मागितलं तर कोणी देत नाही.

ओला कचरा गाडीत घेऊच नका. शिळं गुरांना जातं, शेण-पालापाचोळा खातखड्ड्यात. ज्या गल्लीत गुरं उरली नाहीत तिथे नाडेप, म्हणजे विटांची कंपोस्ट खताची टाकी, बांधा: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी भोकं. ही पद्धत आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचीच; त्यांच्या नावावरूनच ती नाडेप झाली.

घरोघरी डस्टबिनऐवजी खताची रिकामी, धुतलेली चुंगडी (पोतं) छपरीतल्या खिळ्याला टांगायला सांगा. सुका कचरा वास मारत नाही, आठवड्यातून दोनदा गाडी पुरते. वेळ मात्र सकाळी साडेसहाची. कापूस वेचणीच्या दिवसांत आठनंतर निम्म्या घरांना कुलूप असतं, मग चुंगडी नालीत रिकामी होते आणि दोष लोकांना दिला जातो.

शेडचा ओटा जमिनीपासून दीड फूट उंच हवा, वर टिनपत्रे, पावसाची बाजू बंद, बाकी जाळी. पुठ्ठा-कागद, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, कोरडी पन्नी (पातळ प्लास्टिक), काच, लोखंड-पत्रा आणि उरलेलं, एवढे कप्पे पुरतात. पुठ्ठा लाकडी फळ्यांवर ठेवा. तो एकदा भिजला की कबाडी वजनात ओल धरतो, आणि त्याचं बरोबरच असतं. बाटलीचं झाकण काढून ती पायाने चेपा, नाहीतर गाडीभाडं हवेचं भराल. पीव्हीसी पाइपचे तुकडे वेगळे काढा. विकली न जाणारी कुरकुऱ्यांची, गुटख्याची पाकिटं सिमेंट भट्टीत जाळायला पाठवता येतात, पण पीव्हीसीतलं क्लोरीन भट्टीला चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट कारखाने आहेत. एका गावाचा माल मात्र तिथवर नेणं परवडत नाही. तो तालुक्याच्या प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रात दाबून गठ्ठ्यानेच जायला हवा. अशा केंद्राला तालुक्यामागे १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. तुमच्या पंचायत समितीचं केंद्र सुरू आहे का, हे शेड बांधण्याआधी बघून या.

किराणा दुकानदार पुठ्ठा स्वतःच विकतो. विकू द्या. त्याच्याकडून उरलेली पन्नी मागा. खरी डोकेदुखी पानठेला. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटलेली पन्नी तळहाताएवढी, तंबाखूने माखलेली, वाऱ्याने थेट नालीत. ती धुऊन विकणं शक्य नाही. ठेल्याच्या खांबाला कांद्याची जाळीदार चुंगडी बांधा, रोज सायंकाळी ठेलेवाल्यानेच तिचं तोंड बांधून ठेवायचं, ही अट ग्रामपंचायतीच्या नाहरकत पत्रात घाला. साध्या पोत्यात लोक थुंकतात, जाळीत थुंकत नाहीत.

फवारणीच्या बाटल्या या शेडमध्ये आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्याच औषधाचे थेंब बाटलीच्या तळाशी असतात. बाटली रिकामी होताच शेतातच पाव भाग पाणी घालून ३० सेकंद हलवायची, पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, असं तीनदा. मग तळाला भोक पाडायचं, म्हणजे कोणी तीत तेल-रॉकेल भरणार नाही. साठवण कुलूपबंद पेटीत, कृषी केंद्राच्या जबाबदारीवर.

वहीत गल्लीनिहाय दोनच आकडे लिहा: आलेलं वजन आणि न विकता उरलेलं वजन. ज्या गल्लीचं उरलेलं वाढतंय तिथे ओलं मिसळतंय. पत्रक न छापता त्या चार घरांशी बोला.

मार्च संपायच्या आत पुठ्ठा आणि पन्नीचा साठा निघालाच पाहिजे. एप्रिलमध्ये धुरे (शेताचे बांध) पेटवले जातात, वारा सुटतो, आणि प्लास्टिकने एकदा पेट घेतला की बादलीने विझत नाही. शेडभोवती दहा फूट गवत खरडून ठेवा, दाराशी वाळूचं पिंप.