फौजेतली डिसॅबिलिटी पेन्शन: टक्का कसा ठरतो, नाकारली तर काय करायचं

सैनिक टाकळी असो की गडहिंग्लज, चंदगड, आजरा, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पेन्शनवर आलेला फौजी भेटला की बोलणं हमखास अपंगत्वाच्या टक्क्यावर येतं. "तुला किती लागले? मला तीस." खरं तर टक्का ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी मेडिकल बोर्डाच्या कागदावरची एक ओळ असते: हा आजार किंवा ही इजा सेवेमुळे झाली का, किंवा सेवेमुळे वाढली का? तिथे दोन्हीला 'नाही' असं उत्तर लिहिलं असेल, म्हणजे फौजेच्या भाषेत 'एनएएनए' असेल, तर पुढे ८० टक्के लिहिलेले असले तरी डिसॅबिलिटी एलिमेंटचा एक रुपया मिळत नाही. म्हणून हा लेख वाचताना स्वतःचा बोर्डाचा कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६, समोर ठेवा. नसेल तर तो कसा मागवायचा ते पुढे आहे.

पैसे कशाचे मिळतात

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट नोकरीचा आणि डिसॅबिलिटी एलिमेंट अपंगत्वाचा. सातव्या वेतन आयोगानंतर १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात आणि टक्का कमी असेल तशी रक्कम त्याच प्रमाणात उतरते. इथे पगार म्हणजे मूळ वेतन, एमएसपी (लष्करी सेवा वेतन) आणि लागू असेल तर एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचं जादा वेतन) व क्लासिफिकेशन भत्ता. महागाई भत्ता त्यात येत नाही, पेन्शनवरची महागाई नंतर वेगळी लागते.

हिशेब करून बघू. असा पगार ४८,००० असेल तर १०० टक्क्यांना १४,४०० होतात. बोर्डाने ३० टक्के दिले तर नुसत्या गणिताने ४,३२० येतात. पण इथे राउंडिंगचा नियम आहे, ज्याला ब्रॉड-बँडिंग म्हणतात. ५० च्या खालचे ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, आणि ७६ ते १०० चे १००. त्यामुळे ३० चे ५० होतात आणि रक्कम ७,२०० होते. ४९ आणि ५० मधल्या एका टक्क्यालाही म्हणूनच किंमत आहे: ४९ चे ५०, पण ५० चे थेट ७५, म्हणजे १०,८००.

राउंडिंग १ जानेवारी १९९६ पासून आहे, पण सुरुवातीला ते फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळत होतं. पूर्ण सेवा करून लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीचा दर्जा खालावलेला असताना, निवृत्त झालेल्यांनाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सांगितलं. तरीही अनेकांना ते आपोआप मिळालं नाही, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आदेश घ्यावा लागला. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुमचा टक्का २० किंवा ३० असाच छापला असेल तर इथेच थांबून तपासा.

दुसरी भिंत २० टक्क्यांची आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला बोर्डाने २० पेक्षा कमी दिले, उदाहरणार्थ ऐकू कमी येण्याचे १५, तर आजार सेवेमुळे मान्य असूनही काही मिळत नाही आणि राउंडिंगही होत नाही. बोर्ड आउट झालेल्याचं मात्र वेगळं आहे. आजारापायी नोकरीच गेली, तर अपंगत्व २० च्या वर असल्याचं गृहीत धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटलं आहे.

शत्रूच्या कारवाईत, ऑपरेशनमध्ये किंवा अतिरेकी हल्ल्यात इजा झाली असेल तर कॅटेगरी 'डी' किंवा 'ई' लागते आणि पेन्शन वॉर इंज्युरीची होते. सेवेत राहून नंतर निवृत्त झाल्यास दर ३० ऐवजी ६० टक्के, म्हणजे दुप्पट. ड्युटीवरचा साधा अपघात 'सी' मध्ये जातो. ऑपरेशन एरियातली इजा नुसती 'सी' म्हणून नोंदली गेली तर नुकसान आयुष्यभराचं, म्हणून कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीच्या कागदात, ऑपरेशनचं नाव आलं आहे का ते पाहा.

दोन आजार असले की लोक टक्क्यांची बेरीज करतात. बोर्ड कंपोझिट, म्हणजे एकत्रित टक्का, काढतं आणि तो बेरजेपेक्षा कमी येतो: बीपीचे ३० आणि शुगरचे २० मिळून ४० लिहिलेले कागद भरपूर सापडतील. त्यातही बीपी मान्य आणि शुगर एनएएनए असेल, तर हिशेबाला फक्त बीपीचेच ३० उरतात.

बोर्डाआधीचं काम

निवृत्तीपूर्वी होणारं रिलीज मेडिकल बोर्ड हीच खरी लढाई. नंतरची सगळी अपील या एका कागदाशी भांडत असतात. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे-कुठे पोस्टिंग झालं, पीस (शांततेचं ठाणं) की फील्ड (सीमा किंवा मोहिमेचा भाग), आजार कधी आणि कुठे सुरू झाला. बऱ्याचदा हे क्लार्क घाईत भरतो आणि जवान सही करतो. तसं करू नका. पोस्टिंगची यादी महिना आणि वर्षासह स्वतः तयार करून न्या. आजार पहिल्यांदा कोणत्या तारखेला, कोणत्या युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, लिहिला गेला, त्याआधी तुम्ही कुठून आला होता, हे त्यात असू द्या.

कारण नकाराचं ठरलेलं वाक्य असं असतं: आजार पीस स्टेशनला सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा बंडखोरीविरोधी ड्युटीच्या ताणाशी संबंध नाही. सियाचीनहून किंवा काश्मीरहून उतरून तीन महिन्यांत पुण्यात बीपी निघालं, तर कागदावर फक्त पुणे दिसतं. आधीचं पोस्टिंग दाखवणं तुमच्या हातात आहे. हृदयविकाराच्या केसमध्ये त्रास सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांत कोणती ड्युटी केली याची नोंद पाहिली जाते. ती युनिटकडून लगेच लिहून घ्यावी लागते, पाच वर्षांनी कुणी देत नाही.

घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं डॉक्टर सहज विचारतात. खरं तेच सांगा, पण नक्की माहीत नसेल तर 'असेल बहुतेक' असं बोलू नका, कारण तो आजार आनुवंशिक म्हणून नोंदला जातो. वजन, दारू, तंबाखूच्या नोंदीही अशाच अंगावर येतात. डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया करून घ्यायला नकार दिला असेल, गुडघ्याच्या केसमध्ये हे नेहमी घडतं, तर तो नकार वाजवी होता का हेही बोर्ड लिहितं. 'नाही' लिहिलं तर टक्का कापला जाऊ शकतो. नकाराचं कारण, जसं डॉक्टरांनीच यशाची खात्री दिली नव्हती, ते कागदावर आणा.

इजा असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, हवाच. सुट्टीवर घरी शेतात ट्रॅक्टरवरून पडलात तर सेवेशी संबंध जोडणं फार कठीण. सुट्टी संपवून युनिटकडे जाताना, अधिकृत मार्गावर अपघात झाला तर केस उभी राहते. त्या वेळी पोलीस पंचनामा, रेल्वे वॉरंट किंवा तिकीट, दवाखान्यात दाखल केल्याची वेळ, सगळं जपा.

कागद मागवणं

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महारचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तिथे माहिती अधिकारात १० रुपये फी भरून अर्ज करा आणि नेमकं मागा: एएफएमएसएफ-१६ ची प्रत, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, आधीच्या सगळ्या कॅटेगरी बोर्डांचे एएफएमएसएफ-१५, इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि क्लेम नाकारल्याचं पत्र. 'माझी सगळी कागदपत्रं द्या' असं लिहिलं की उत्तर लांबतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची. पेन्शन न मिळालेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे १९९० च्या दशकात बोर्ड आउट होऊन रिकाम्या हाताने घरी आलेला कुणी नात्यात असेल तर उशीर करू नका.

अपील

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत फर्स्ट अपील्सच्या समितीकडे जातं. तिथूनही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील. दोन्ही स्पीड पोस्टने पाठवा, पोच आणि प्रत ठेवा. कोल्हापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज तयार करायला मदत करतं. मजकूर मात्र तुमच्या केसचा हवा. गावात फिरणारा जुना नमुना नाव बदलून पाठवला की दुसऱ्याचा आजार तुमच्या अपिलात शिरतो.

अपिलात कळवळा कमी आणि मुद्दे जास्त असावेत. सगळ्यात मजबूत मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या धरमवीर सिंग निकालाचा, २०१३ चा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी आला होता असं मानायचं, नंतर झालेला बिघाड सेवेमुळे मानायचा, आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. भरतीच्या वेळी हा आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं म्हणणं असेल तर त्याची कारणं लिहिलेली हवीत. तुमच्या कागदावर कारणाच्या जागी एकच छापील ओळ असेल तर ती अपिलात जशीच्या तशी उतरवा आणि विचारा, यात कारण कुठे आहे?

तारीख मात्र बघा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आणि सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेला 'इम्पेअरमेंट रिलीफ' हे नाव आलं. तुम्ही त्याआधी बाहेर पडला असाल तर जुनेच नियम लागू, त्यानंतर पडला असाल तर वर दिलेले राउंडिंगचे आकडे गृहीत न धरता तुमच्या पत्रात कोणत्या नियमाचा उल्लेख आहे ते वाचा.

काम करता येत नाही, त्याचे वेगळे पैसे?

अमेरिकेत 'नोकरी करण्यास असमर्थ' म्हणून टक्का कमी असतानाही पूर्ण दराने भरपाई मिळते, असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. त्याची दुसरी बाजू अशी की इथे एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी धरली म्हणून टक्का कमी होत नाही.

काम करण्याची क्षमता दोन ठिकाणी मोजली जाते. एक, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स: अपंगत्व १०० टक्के आणि सतत मदतनीस लागतो असा बोर्डाचा स्पष्ट अभिप्राय असेल तर. जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० धरला गेला आणि महागाई भत्ता ५० टक्के झाला की २५ टक्क्यांनी वाढतो. पाठीच्या कण्याच्या केसमध्ये १०० टक्के लिहिलेले असतात पण मदतनीसाची ओळ राहून जाते. ती नसेल तर भत्ता सुरू होत नाही, लेखी मागणी करा. दोन, इनव्हॅलिड पेन्शन: आजार एनएएनए ठरून बोर्ड आउट झालेल्यांसाठी. पूर्वी त्याला किमान १० वर्षं सेवा लागायची. ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर सेवेत असलेल्यांना १० वर्षांच्या आतही ती मिळते, पण अट अशी की फौजेबरोबरच बाहेरच्या नोकरीसाठीही कायमचा असमर्थ ठरलेला असावा. बोर्डाने फक्त 'सैन्यसेवेस अपात्र' लिहिलं तर इथे अडतं.

सीपीआर रुग्णालयातून मिळणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, वेगळ्या कायद्याखालचं आहे. त्यावर ४० टक्के असले की दिव्यांगांच्या सरकारी योजनांना उपयोग होतो. ते जोडून फौजेचा टक्का वाढत नाही आणि फौजेचा टक्का दाखवून ते कार्डही मिळत नाही.

अग्निवीरांच्या घरच्यांनी हेही लक्षात ठेवावं: त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी सानुग्रह रक्कम आहे, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. म्हणजे इंज्युरी रिपोर्टची काळजी त्यांनी इतरांपेक्षा जास्त घ्यायची.

न्यायाधिकरण

दुसरं अपील फेटाळलं की सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज करता येतो. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही तरी दार उघडतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलं, म्हणून थेट तिथे रिट टाकू असं काहीजण म्हणतात. पेन्शनचा वाद आधी न्यायाधिकरणातच जातो, उच्च न्यायालय त्याच्या निकालानंतर.

वर्षं उलटली म्हणून केस मेली असं समजू नका. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळे हक्क जिवंत राहतो. मात्र थकबाकी, सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालानुसार, साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आज १५ वर्षांनी गेलात तर १२ वर्षांचे पैसे सोडून द्यावे लागतात.

आदेश हाती आला की प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन (पेन्शन मंजूर करणारं कार्यालय), दोघांकडे पाठवा. नवा पीपीओ 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवर दिसला की तीन गोष्टी पडताळा: टक्का राउंड केलेला आहे का, कालावधी आयुष्यभराचा लिहिला आहे का, आणि सुरुवातीची तारीख आदेशाप्रमाणे आहे का. चूक असेल तर पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपा. आदेशात दिलेली मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करायचा असतो, नवी केस लागत नाही.